प्रोसेसर-प्रतीक्षा-मीमांसा : आकुर्डी ते चाकण या टापूच्या विशेष संदर्भासह

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगून टाकायची आपल्याकडे रीत आहे : विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन. प्रस्तुत ग्रंथाचा विषय, अजून बाजारात न आलेला प्रोसेसर. अधिकारी, म्हणजे हे शास्त्र शिकायला पात्र कोण, तर ज्याच्या टेबलाखालचा सीपीयू सकाळी चालू करून माणूस चहा पिऊन परत येतो तरी पडद्यावर गोल फिरतच असतं, आणि जो गेले दोन दसरे ‘यंदा घेऊनच टाकू’ म्हणतो आहे, असा कोणीही. संबंध हप्त्यांचा. प्रयोजनाबद्दल टीकाकारांत मतभेद आहेत. ते यथावकाश येतील.

क्षेत्र मात्र निश्चित आहे. एका अंगाला देहू, दुसऱ्या अंगाला आळंदी आणि मध्ये एमआयडीसी. इथला वारकरी ठरल्या तिथीला निघतो आणि ठरल्या तिथीला पोचतो. तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीचा मुक्काम कोणी ‘पुढच्या क्वार्टरला बघू’ म्हणून ढकलत नाही. याच टापूत गेल्या तीसेक वर्षांत दुसरा एक संप्रदाय वाढला. त्याला आम्ही थांबकरी म्हणतो. त्याचं ब्रीद एकच : ‘आत्ता नको घेऊस, नवीन जनरेशन येतंय.’

थांबकऱ्यांत पोटभेद आहेत. शुद्ध थांबकरी स्वतः थांबतो आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ही जात आता दुर्मिळ झाली. सशर्त थांबकरी ‘बोनस झाला की’, ‘पोराची दहावी झाली की’ अशा अटीवर थांबतो आणि अट पुरी झाली की नवी घालतो. तिसरा परोपदेशी. यानं स्वतः मागच्याच आठवड्यात लॅपटॉप घेतलेला असतो, पण कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याला तो कळवळून सांगतो, ‘अरे, घाई कशाला करतोस? दोन-तीन महिने कळ काढ. नवी चिप येतीये, चार्जर घरी ठेवून यायचं.’ तोवर त्याच्या मांडीवरचा लॅपटॉप पॅन्टमधून जाणवण्याइतका तापलेला असतो. आमच्या मते या तिसऱ्याचाच अभ्यास अगत्याचा. ज्या वस्तूची वाट पाहायला तो सांगतो ती त्याला नकोच असते. त्याला हवं असतं वाट पाहण्यातलं सुख; खरेदी करून बसल्यानं ते हातचं गेलं, म्हणून आता तो ते शेजाऱ्यामार्फत उपभोगतो.

कंपन्यांनाही या संप्रदायाची धास्ती असते. ॲडम ऑस्बोर्न यांनी १९८३ मध्ये आपल्या कॉम्प्युटरच्या पुढच्या मॉडेलची वार्ता आधीच फोडली, गिऱ्हाईक दुकानातलं सोडून पुढच्याची वाट पाहत बसलं, आणि त्याच वर्षी कंपनीनं दिवाळं काढलं. दिवाळ्याची कारणं आणखीही होती असं जाणकार म्हणतात. थांबकरी मात्र हा आपला विजय मानतात.

आता इतिहास. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाच्या फौजेपुढे जवळजवळ दोन महिने झुंजवला. म्हणजे चाकणबाहेर तिष्ठत बसण्याची परंपरा थेट मोगलांपर्यंत जाते. औद्योगिक कालखंडात तिला आकुर्डीनं शिस्त लावली. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि पुढची कित्येक वर्षं ती जेवढी रस्त्यावर होती त्याहून अधिक लोकांच्या मनात होती. नंबर लागायला दहा-दहा वर्षं लागत. नोंदवायची वडिलांनी, किक मारायची मुलानं. नंबर लागलेला माणूस पुष्कळदा गाडी घेण्याऐवजी नंबरच ‘ऑन’ घेऊन विकून टाकी, आणि परदेशातल्या भावानं डॉलर पाठवले की रांग आपोआप आखडे.

पण चेतकची प्रतीक्षा आणि प्रोसेसरची प्रतीक्षा यांत मूलभूत भेद आहे. दहा वर्षांनी मिळाली तरी चेतक ती चेतकच. सरकत होता तो आपला नंबर. प्रोसेसरचं उलटं. दुकानात माल पडून आहे, दुकानदार कार्ड घासायला हात पुढे करून उभा आहे, रांगेत आपल्यापुढे चिटपाखरू नाही, तरी माणूस रांगेतच आहे. कारण टोकाला ठेवलेली वस्तू दर वर्षी एक पाऊल मागे जाते. चेतकच्या रांगेला नंबर होता म्हणून शेवट होता. या रांगेत पहिलाच नंबर आपला, आणि तो कधीच लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, थांबकरी हा निव्वळ चेष्टेचा विषय दिसतो. तसं नाही. एके काळी त्याचं बरोबर होतं आणि त्याला गणिताचा आधार होता. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरच्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होत जाईल असा अंदाज बांधला, १९७५ मध्ये तो दोन वर्षांवर आणला, आणि बाजारानं आपल्या सोयीनं अठरा महिने ही मधली मुदत रूढ करून टाकली. १९९३ मध्ये पेंटियम आला. त्याचे जनक म्हणून ओळखले जाणारे विनोद धाम जन्मानं पुण्याचे, तेव्हा पेंटियमवर या जिल्ह्याचा थोडाफार हक्क पोचतो. (पुढे ते प्रतिस्पर्धी एएमडीकडे गेले, त्यामुळे हक्क दोन्हीकडे पोचतो.) १९९९ च्या आरंभी पेंटियम थ्री ५०० मेगाहर्ट्झचा होता. २००० च्या मार्चमध्ये एएमडीनं आणि पाठोपाठ दोन दिवसांनी इंटेलनं एक गिगाहर्ट्झ गाठला. २००२ संपता संपता तीन. त्या दिवसांत तपकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग हुडकून पीसी असेंबल करणाऱ्याला सहा महिने दम धरल्याचं फळ रोख मिळत असे.

इतकंच काय, ॲरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मूरचा नियम आणि आळशीपणा यांच्या परस्परसंबंधावर चक्क शोधनिबंध लिहिला. निष्कर्ष असा : वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होत असेल, तर आजच्या मशीनवर २६ महिन्यांहून अधिक चालणारं गणित आज सुरूच करू नये. हातावर हात ठेवून बसावं, नंतर नवं मशीन घ्यावं, आणि आज घाईनं सुरू करणाऱ्याच्या आधी संपवून मोकळं व्हावं. आळसाला विज्ञानानं इतकं सज्जड प्रमाणपत्र दुसऱ्या कुठे दिलेलं आमच्या वाचनात नाही. पण प्रमाणपत्राखालची बारीक अक्षरं वाचायला हवीत. भोसरीत एखाद्या डायचं सिम्युलेशन रात्रभर चालतं. रात्रभर म्हणजे २६ महिने नव्हेत. जीएसटीचं रिटर्न भरायला लागणारा वेळही, महिन्याच्या वीस तारखेला कितीही वाटला, तरी २६ महिने नसतो.

आणि मग वेगच अडला. २००४ मध्ये पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झवर पोचला, चारचा जाहीर केलेला प्रोसेसर रद्द झाला, आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी भर परिषदेत, गमतीनं का होईना, गुडघे टेकून माफी मागितली. संप्रदायाच्या इतिहासात गिऱ्हाइकापुढे गुडघे टेकणारा हा एकमेव प्रमुख. कारण उष्णतेचं होतं. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की त्याचं व्होल्टेजही उतरत असे. ते उतरेनासं झालं, वीज गळायला लागली, आणि सेकंदाला पडणारे ठोके वाढवावेत तर चिप भाजून निघायची वेळ आली. कारखान्यातूनच सहा गिगाहर्ट्झचा शिक्का घेऊन इंटेलचा प्रोसेसर यायला २०२३ उजाडलं. म्हणजे ५०० मेगाहर्ट्झपासून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पाच वर्षं, आणि तिथून पुढे दुप्पटसुद्धा न होता एकोणीस वर्षं. ठोके म्हणजे सगळा वेग नव्हे, एका ठोक्यात उरकणारं काम मधल्या काळात बरंच वाढलं, हे मान्य. म्हणून उदार मनानं, एका कोअरचा वेग वर्षाला दहा टक्के वाढतो असं धरू. ॲरिझोनाचं सूत्र तेच ठेवून आकडे बदलले, तर थांबण्यात हशील असायला काम साडेदहा वर्षांहून लांबणारं हवं.

या कसोटीला टापूतलं एकच काम उतरतं. पुण्याचा नवा विमानतळ आधी चाकण-राजगुरुनगरच्या बाजूला व्हायचा होता, २०१६ मध्ये तो पुरंदरला निघाला, आणि तिथून अजून विमान उडालेलं नाही. संबंधित खात्यानं ॲरिझोनाचा निबंध वाचला असावा असा आमचा तर्क आहे. बाकी कुठल्याही कामासाठी प्रोसेसरची वाट पाहणं हा शास्त्राचा विषय उरत नाही, भक्तीचा होतो.

यावर पूर्वपक्ष उभा राहतो : ठोके वाढेनात तर राहिलं, कोअर वाढले ना? पूर्वी एक होता, आता सोळा आहेत, पुढच्या वर्षी चोवीस येतील. उत्तर जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्येच देऊन ठेवलं आहे. कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो सगळ्या कामाच्या वेगाला वेसण घालतो. चाकणला नोकरी करणाऱ्याला हा नियम शिकवावा लागत नाही. पिंपरीहून मोशीमार्गे निघालेल्या बसला दीड तास लागतो आणि त्यातली चाळीस मिनिटं तळेगाव चौकात जातात असं समजा. उरलेला रस्ता आठपदरी करा, बसला विमानाचं इंजिन लावा; चाळीस मिनिटं चाळीसच राहणार.

भोसरीच्या एस ब्लॉकमधल्या एका टूलरूममध्ये हा नियम नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मशीन नवंकोरं, कॅबिनेटच्या काचेवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. डिझाइनच्या पोरानं तीनशे पार्टांची असेंब्ली उघडली, एका डायमेन्शनचा आकडा बदलला आणि रीबिल्ड मारलं. पडदा पांढरट झाला, कर्सरचं चाक फिरायला लागलं. शेठ मागे येऊन उभे राहिले. पोरानं टास्क मॅनेजर उघडून दाखवला : सोळा चौकोन, त्यातल्या एकात रेघ वर टेकलेली, बाकी पंधरांत तळाशी पडलेली.

‘हे बाकीचे पंधरा काय करतायत?’

‘बघतायत, शेठ.’

शेठना पुढे काही विचारावं लागलं नाही. शॉपफ्लोअरवर हे दृश्य त्यांनी पुष्कळदा पाहिलेलं आहे. मॉडेलमध्ये छिद्र आधीच्या पृष्ठभागावर बसतं आणि चॅम्फर त्या छिद्राच्या कडेवर. पहिलं झाल्याखेरीज दुसरं सुरू होत नाही, म्हणून हे काम मुख्यतः एकाच कोअरच्या डोक्यावर येतं. सिम्युलेशनला आणि रेंडरिंगला सोळाच्या सोळा लागतात, नाही असं नाही. पण ते कधीमधी, आणि रीबिल्ड दर दोन मिनिटांनी.

संप्रदायाचे पुराणिक एक प्रसंग सहसा सांगत नाहीत, तो २०२१ चा. त्या वर्षी या पट्ट्यानं चिपची जशी वाट पाहिली तशी कुणी पाहिली नसेल. एप्रिलमध्ये विजेवरच्या चेतकची नोंदणी पुण्यात पुन्हा उघडली आणि दोन दिवसांत बंद करावी लागली; चेतक म्हटलं की रांग लागतेच, पेट्रोलचा संबंध नसतो. ७ ऑक्टोबरला महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी सुरू झाली आणि ५७ मिनिटांत २५,००० गाड्या नोंदल्या गेल्या. गाडी चाकणला बनायची. काही मॉडेलना वर्षाहून जास्त वाट होती. आता अडलं होतं काय, तर अत्याधुनिक प्रोसेसर नव्हे. गाडीत काचा, ब्रेक, इंजिन सांभाळणाऱ्या चिप बहुतेक जुन्या, जाड्याभरड्या तंत्रावरच्या. कॉम्प्युटरच्या दुनियेतून हे तंत्र केव्हाच निवृत्त झालं. त्या चिपचे नवे कारखाने काढायला कोणी उत्सुक नव्हतं, कारण पैसा सगळा वेगवान चिपमागे धावत होता. थोडक्यात, लाखो रुपयांची गाडी यार्डात खोळंबली ती थांबकऱ्यानं पंधरा वर्षांपूर्वी ‘आउटडेटेड’ म्हणून नाक मुरडलेल्या जातीच्या चिपपायी. बसमधला परोपदेशी त्या काळात काहीसा गप्प होता, असं त्याचे सहप्रवासी सांगतात.

आता या ग्रंथाचा गाभा. ज्याची इतकी वाट पाहिली तो प्रोसेसर घरी आल्यावर करतो काय? तो वाट पाहतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आत गेलं की ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ नावाची एक ओळ सापडते आणि तिच्यासमोर बहुधा नव्वदच्या वरचा आकडा असतो. नवखा माणूस घाबरतो, व्हायरस समजून ती ओळ बंद करायला जातो. तो असतो प्रोसेसरचा रिकामा वेळ. इंटेलच्या १९७८ च्या ८०८६ पासून या घराण्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला ‘थांब’ अशी स्वतंत्र आज्ञाच दिलेली आहे. ती मिळाली की बाहेरून कोणीतरी हाक मारेपर्यंत तो स्वस्थ बसून राहतो. अकाउंट्सच्या मॅडम सेकंदाला पाच कळा दाबतात. हा काही कमी वेग नव्हे, ऑफिसात त्यांचा दरारा आहे. पण चार गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे त्यांच्या दोन कळांमध्ये ऐंशी कोटी ठोके पडून जातात. तेवढ्यात त्यानं काय काय उरकलं असतं याचा विचार न केलेला बरा.

शॉपफ्लोअरवर त्याची अवस्था जरा बरी, पण थोडीच. जुन्या व्हीएमसीला, म्हणजे संगणकी हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनला, प्रोग्रॅम सोडायची केबल नऊ पिनांची, आणि पुष्कळ ठिकाणी वेग लावलेला असतो ९६०० बॉड. म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. एक अक्षर पाठवून दुसरं पाठवेपर्यंत आपल्या चार गिगाहर्ट्झच्या महाशयांचे सुमारे चाळीस लाख ठोके जातात. एका बाजूला प्रोसेसर कधी येतो म्हणून वर्षानुवर्षं बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला तो माणूस पुढची कळ कधी दाबतो म्हणून बसलेला प्रोसेसर. यांतला खरा थांबकरी कोण, यावर भाष्यकारांचं एकमत नाही. आमचा कौल प्रोसेसरला. तो कधी परोपदेश करत नाही.

सॉफ्टवेअरवाल्यांचं प्रकरण थोडक्यात उरकतो, कारण त्यांच्याबद्दल निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार नोंदवली आहे : हार्डवेअर जेवढ्या झपाट्यानं वेगवान होतं, त्याहून झपाट्यानं सॉफ्टवेअर मंद होतं. तीस वर्षांत ती तक्रार निकाली निघालेली नाही. उलट १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज टेनचा आधार संपला, विंडोज इलेव्हनला इंटेलचा सर्वसाधारणपणे आठव्या जनरेशनपासून पुढचाच प्रोसेसर चालतो, आणि सातव्या जनरेशनचे ठणठणीत पीसी एका तारखेला म्हातारे ठरले. वेग पाहून खरेदी करायची हे थांबकऱ्याचं शास्त्र. खरेदी करायला लावली कॅलेंडरनं. जे तरीही थांबले त्यांची आणखी पंचाईत झाली. वर्ष संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला, रॅमचे भाव भडकले, आणि थांबलं की स्वस्त मिळतं हे संप्रदायाचं आदिसूत्र भर बाजारात खोटं पडलं. यावर संप्रदायाची अधिकृत भूमिका, भाव उतरेपर्यंत थांबावं, अशी आहे.

खराबवाडीच्या एका वर्कशॉपनं मात्र नवा पीसी घेतला. खंडेनवमीला मशीन बंद, फरशी धुतलेली, व्हीएमसीच्या दाराला झेंडूची माळ, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडलेले, आणि त्यांच्या रांगेत कुंकवाचं बोट लावलेला नवा सीपीयू. माळ पंख्यावर येऊ नये म्हणून पोरानं ती दोनदा सारखी केली. दसरा झाला, कामाला सुरुवात झाली. टूलपाथ पूर्वी चहा होईपर्यंत चाले, तो आता बशीत ओतेपर्यंत तयार. शेठ खूश. मग प्रोग्रॅम मशीनला सोडायची वेळ आली, पोरानं केबल हातात घेतली, कॅबिनेटला मागून-पुढून टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, ‘शेठ, याला नऊ पिनांचं पोर्टच नाही.’ तसं पोर्ट एक्सपीवाल्या जुन्या पीसीला होतं. तो भंगारवाल्यासाठी दाराशी काढून ठेवला होता, नशिबानं भंगारवाला अजून आलेला नव्हता.

यूएसबीला लावायचा कन्व्हर्टर काही शे रुपयांत मिळतो. तो आणायला पोराला मोटरसायकलवरून भोसरीला धाडलं. दुपारी चारला त्याचा फोन आला, ‘शेठ, कन्व्हर्टर मिळालाय. तळेगाव चौकात आहे.’

शेठनी हेल्परला दाराशी पाठवून जुना पीसी आत आणवला आणि चालू केला.